पडद्याआडची फांदी

संध्याकाळी कामावरून आलं की सुनेने आधी पर्स खुंटीला अडकवायची, मग सासूबाईंना खुर्चीतून उठवून बाथरूमला न्यायचं, परत आणून बसवायचं, मग चहा टाकायचा आणि तो उकळेपर्यंत गॅलरीत जाऊन मावा मारायचा, असा त्या घराचा शिरस्ता झाला होता. हा शिरस्ता कुणी ठरवून पाडलेला नव्हता. घरातली बाकीची कामं जशी अंगावर पडली होती, तसंच हेही पडलं.

मावा म्हणजे हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या मानेवर ते इतके दाटीवाटीने बसतात की देठ दिसत नाही. बसतात आणि रस पितात, दुसरं काही करत नाहीत. पळत नाहीत, चावत नाहीत, हात लावला तरी ढिम्म. सुनेला सगळ्यात जास्त राग यायचा तो या ढिम्मपणाचा. दिवसभर पायांवर उभं राहून आलेल्या बाईला असं नुसतं बसून पिणारं कुणी बघवत नाही.

उपाय करायचे तेवढे तिने केले होते. नळीने पाण्याचा मारा झाला, साबणाचं पाणी फवारून झालं, दुकानदाराने डोळे मिटून हातात ठेवलेलं वासाचं तेल झालं. मावा चार दिवस दिसेनासा व्हायचा आणि पाचव्या दिवशी पुन्हा हजर, जणू मध्ये गावाला जाऊन आला. पानं चिकट झाली, चिकटावर काळी काजळी धरली, कळ्या उमलायच्या आधीच मान टाकू लागल्या. शेवटी तिने दवाखान्यातून दात घासायचे मऊ ब्रश आणले. कंपन्या ते नमुने म्हणून देतात आणि ते नुसते कपाटात पडून असतात. एका हाताने शेंडा धरायचा, दुसऱ्या हाताने ब्रशने मावा खाली साबणाच्या पाण्यात झाडायचा. जगात गुलाबाचे दात घासणारी बाई आपण एकटीच असू, असं तिला एकदा वाटलं होतं आणि हसूही आलं होतं. ते हसू बरेच दिवसांपूर्वीचं.

मग एक दिवस तिला माव्यामध्ये दुसरेच किडे दिसले. लांबुडके, राखाडी-काळे, पाठीवर नारिंगी ठिपके, अंगावर काटे, सहा पायांवर सरपटणारे. एखादी मगर धुऊन आटून एवढीशी झाली असावी तसे. दिसायला इतके ओंगळ की त्यांच्याबद्दल चौकशी करायची गरजच तिला वाटली नाही. हेच ते, सगळ्या कारभारामागचे मोठे, यांचीच ही सगळी पिलावळ, असं तिने ठरवून टाकलं आणि दवाखान्यातला बाद झालेला चिमटा घरी आणला. मग रोज ब्रशच्या आधी चिमटा. एकेक मगर उचलायची आणि साबणाच्या पाण्यात बुडवायची.

आणि चिमटा हातात आला रे आला की मागून चमचा सुरू व्हायचा. ठण ठण ठण.

चमचा सासूबाईंचा. त्यांना झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घशातून ‘आ’ आणि ‘अं’ यांच्या मधलं काहीतरी निघायचं, तेही जोर केल्यावर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने डाव्या हाताने खायची सवय व्हावी म्हणून एक जाड दांड्याचा चमचा दिला होता. तो चमचा सासूबाईंनी मग कधी सोडलाच नाही. जेवण झालं तरी तो हातात, झोपतानाही उशीशी. खुर्ची होती लोखंडी हाताची. त्या हातावर त्या चमचा हाणत.

“आई, पुरे. डोकं उठलं,” सून मागे न बघता म्हणायची.

ठण ठण ठण.

सासूबाई पूर्वी कापडाच्या कारखान्यात तपासनीस होत्या. मागून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत यायचं आणि त्यांनी त्यातले दोष शोधायचे. सुटलेला धागा, पडलेली गाठ, पुसट डाग. दोष दिसला की खडूने गोल करायचा. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं आणि घरी आल्यावरही तो खडू त्यांच्या हातात असायचाच, फक्त दिसायचा नाही. सुनेने घातलेली चादरीची घडी, तिने चिरलेला कांदा, तिने घातलेली मुलाच्या शर्टाची इस्त्री, सगळ्यावर गोल. तोंडाने फारसं बोलायच्या नाहीत. नुसतं बघायच्या आणि तेवढ्याने समोरच्याचा जीव अर्धा व्हायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅलरीत गुलाब लावले. गुलाबांत मात्र त्यांना कधी दोष सापडला नाही, हे सुनेने मनात कुठेतरी टिपून ठेवलं होतं.

म्हणून चमच्याचा अर्थ लावायला तिला वेळ लागला नाही. वाचा गेली तरी खोड गेली नाही. मी करते ते चुकीचं, एवढंच त्यांना सांगायचंय.

बाकीच्यांनी वेगळा अर्थ लावला. भिंतीपलीकडे शिकवणी घेणारे मास्तर राहायचे. ते एकदा दारात येऊन, चप्पल न काढता, फार नम्रपणे विचारून गेले की आजींना काही त्रास होतोय का. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं, “आता पडदा ओढत बसतात हो. मी सरळ केला की परत ओढतात. आपलं आपल्याला काही समजत नाही बघा त्यांना.” आणि नणंद म्हणाली, “वहिनी, हे डोक्याचं आहे. आता वाढतच जाणार.”

नणंदेला घरात सगळे बेबी म्हणत. बेबी एका मोठ्या ऑफिसात अधिकारी होती, केस रंगवायचे तिने आता सोडून दिले होते, आणि तिच्या हाताखालची माणसं तिला टरकून असत. पण या घरात ती बेबीच. ती लांब राहायची. यायची तेव्हा फळं आणायची, आईचे केस विंचरायची आणि जाताना जिन्यात रडायची. बेबी वाईट नव्हती. तिनेच शोधून शोधून एक चांगली संस्था काढली होती. अशा माणसांना सांभाळणारी, नर्स असलेली, खिडक्या मोठ्या. तिथे एक खाट रिकामी झाली होती. रविवारी येऊन सगळ्यांसमोर एकदा बोलायचं आणि तिथूनच फोन करून होकार कळवायचा, असं ठरलं होतं.

“पण शेवटचं तू म्हणशील ते,” बेबी म्हणाली होती. “तू करतेस. मला आणि दादाला बोलायचा अधिकार नाही.”

दादा म्हणजे सुनेचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करायचं काम. लोक लिफ्टमध्ये अडकायचे ते याच्या जेवणाची वेळ बघूनच, अशी त्याची तक्रार होती. आईला उचलायचं असलं की तो उचलायचा, आणि उचलून झालं की तिच्या तोंडाकडे बघायचं टाळून घाईने बाहेर जायचा.

सुनेला होकार द्यायचा होता. हे ती स्वतःपासून लपवत नव्हती. तिला पाठ टेकून झोपायचं होतं. कुणाचं अंग न पुसता, कुणाच्या तोंडात घास न घालता, एक अख्खा दिवस नुसतं खिडकीशी बसायचं होतं. मागच्याच आठवड्यात सासूबाईंची चादर बदलता बदलता, फोन खांद्याने कानाशी धरून, ती बेबीला म्हणाली होती, “खरं सांगू का गं? कंटाळा आलाय मला. त्यांच्या वासाचा, त्यांच्या त्या चमच्याचा. कधी कधी वाटतं, सकाळी उठावं आणि सगळं आपोआप संपलेलं असावं.” असं बोलून ती स्वतःच दचकली होती. पण समोर सासूबाई छताकडे बघत निवांत पडल्या होत्या, आणि त्यांना काय कळणार, असं म्हणून तिने दुसऱ्या बाजूची चादर ओढली.

दवाखाना दातांचा होता. ती तिथे डॉक्टरांची मदतनीस. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची, दिवा फिरवायचा, मागतील ते हत्यार हातात द्यायचं. मान दिवसभर एकाच बाजूला वाकडी. यंत्र सुरू करायच्या आधी डॉक्टर प्रत्येकाला एकच वाक्य सांगत, “दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.” मग डॉक्टरांचं लक्ष दातात, आणि डाव्या हातावर लक्ष ठेवायचं काम हिचं.

यात ती तरबेज झाली होती. काही लोक यंत्राचा आवाज ऐकूनच हात वर करत, त्यांच्याकडे थोडा कानाडोळा करायचा. पण काही पेशंट वेगळे असतात. त्यांना खूप दुखत असतं आणि ते हात वर करत नाहीत. बहुतेक करून वयस्कर बायका. आपल्यामुळे खोळंबा नको, डॉक्टरांना त्रास नको. त्यांचा हात खुर्चीला चिकटलेला असतो, डोळे मिटलेले, चेहरा शांत. त्यांचं खरं कळतं ते पायांवरून. पायाची बोटं आत वळतात. ती बोटं दिसली की ही हळूच म्हणायची, “थांबा.” डॉक्टर थांबायचे. आणि यंत्राचा आवाज पूर्ण बंद झाल्यावर, मग कुठे त्या बाईचा डावा हात वर यायचा. उशिरा, ओशाळल्यासारखा.

“तुला कसं कळतं गं?” डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं.

“बघत असते,” ती म्हणाली होती.

शनिवारी तिची अर्धी सुट्टी. उद्या बेबी येणार म्हणून तिने मावशींना लवकर घरी धाडलं आणि घर आवरायला काढलं. गॅलरीच्या दाराचा पडदा धुळीने आणि माव्याच्या चिकटाने कडक झाला होता. सासूबाईंची खुर्ची त्या दाराशीच, आणि खुर्चीच्या डाव्या हाताला, उंबऱ्याला टेकून, गुलाबाची सगळ्यात जुनी कुंडी. पडदा नेहमीसारखा एका बाजूला ओढलेला होता, त्या कुंडीवर अर्धा पडलेला. तिने स्टूल आणलं आणि पडद्याच्या कड्या काढायला सुरुवात केली.

चमचा सुरू झाला. पण आजचा आवाज निराळा होता. ठण ठण नाही, सलग, जोराने, खुर्ची हलेपर्यंत.

“आई, धुवायला काढतेय फक्त. परत लावते,” ती थकून म्हणाली आणि शेवटची कडी काढली. पडदा खाली आला.

चमचा फरशीवर पडला. सासूबाई खुर्चीतून डावीकडे इतक्या झुकल्या की पडतीलच असं वाटून तिने स्टुलावरून उडी मारली. पण त्या पडल्या नाहीत. त्यांनी डावा हात लांब केला आणि कुंडीतल्या एका फांदीवर पंजा धरला. पकडली नाही, फांदीवर नुसतं छत धरलं. आणि घशातून तो आवाज.

सून गुडघ्यांवर बसली. “काय आहे? बघू.” तिने तो हात बाजूला करायचा प्रयत्न केला, तो हलेना. मग तिने चिमटा कुठे ठेवलाय ते आठवून बघितलं, तो गॅलरीच्या कठड्यावर होता. का कोण जाणे, तिने आपले दोन्ही रिकामे हात सासूबाईंना दाखवले. पंजा सावकाश वर उचलला गेला.

फांदी स्वच्छ होती. बाकी सगळी झाडं काजळलेली, आणि ही एक फांदी पोपटी, तुकतुकीत. तिच्या टोकाला एक कळी फुगलेली, पाकळ्यांची गुलाबी कड सुटलेली. देठावर माव्याच्या फक्त पांढऱ्या फोलपटी साली राहिल्या होत्या. पानाखाली दोन मगरी होत्या. सुनेने वाकून बघितलं. त्यातल्या एकीने एक हिरवा मावा तोंडात धरला होता आणि ती तो सावकाश खात होती.

शेजारच्या पानाला नारिंगी, फुगीर गोळ्या चिकटल्या होत्या. एक गोळी फाटलेली. तिच्यावर एक किडा बसलेला, पिवळा, ओला, नुकताच बाहेर आलेला. आणि देठावर त्याचाच मोठा भाऊ चालत होता, लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, लहान मुलं ज्याला तळहातावर चालवतात आणि उडाला की खूश होतात तो.

ती तशीच बसून राहिली. पिवळ्या किड्याची पाठ हळूहळू केशरी होत गेली आणि तिच्यावर ठिपके उमटू लागले, तोवर तिचे गुडघे बधिर झाले होते. ज्यांना ती रोज चिमट्याने उचलून बुडवत होती ते माव्याचे आईबाप नव्हतेच, या लाल पाठीच्या किड्यांची पिल्लं होती. तेच तर मावा खात होते. महिनाभर ती संध्याकाळी घरी येऊन, दमलेल्या हातांनी, आपल्याच मदतीला आलेल्यांना मारत होती.

आणि खुर्चीतल्या बाईने ते बघितलं होतं. दिवसभर दाराशी बसून, त्याच तपासनिसाच्या डोळ्यांनी, कोण कुणाला खातंय ते. सांगायला तोंड नव्हतं म्हणून चमचा होता. चमचा कुणी ऐकेना म्हणून पडदा होता. हात पोचेल एवढी एक फांदी त्यांनी वाचवली होती.

सुनेने आठवून पाहिलं. फवारणीला चमचा नव्हता. नळीला नव्हता. ब्रशलासुद्धा नव्हता. चिमटा घरात आला त्या दिवसापासून चमचा.

म्हणजे यांना कळतं. तिला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या पाठोपाठच दुसरी गोष्ट लक्षात आली. यांना कळतं म्हणजे सगळंच कळतं. चादर बदलताना बोललेलं. वासाचं. सगळं आपोआप संपावं, ते. बेबीची खाट, मोठ्या खिडक्या, रविवारचा फोन. सगळं यांच्या डोक्यावरून बोललं गेलं होतं आणि या छताकडे बघत ऐकत होत्या.

तिने फरशीवरचा चमचा उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. “आई,” ती म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. ते बघणं नेहमीचंच होतं, फक्त आज तिला त्यात खडू दिसला नाही.

नवरा आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो हात धूत होता.

“किडे?” तो म्हणाला.

“किड्यांचं नाही सांगत मी. आईंचं सांगतेय.”

“तू दमलीयस,” तो म्हणाला. चूक नव्हतं ते. “आता परत सगळं उकरू नकोस. मोठ्या मुश्किलीने मनाची तयारी केलीय मी.”

रविवारी बेबी फळं घेऊन आली. आईचे केस विंचरून झाले, चहा झाला. मग बेबी दारातल्या खुर्चीकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, “मग? कळवू ना मी त्यांना? ते गाडी पाठवतील म्हणाले. तिला काही समजणारसुद्धा नाही, वहिनी. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, एवढंच.”

“त्यांना समजतं,” सून म्हणाली.

तिने फांदी दाखवली. चिमटा दाखवला. बेबीने फांदीकडे बघितलं, मग दादाकडे, आणि दादाने जमिनीकडे.

“आपण त्यांनाच विचारू,” सून म्हणाली. ती खुर्चीसमोर खाली बसली. दोघींचे डोळे एका रेषेत आले. खोटं बोलायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं. “आई, मी थकलेय. फार थकलेय. तुम्हांला एका संस्थेत ठेवायचं असं आमच्या मनात आहे. चांगली आहे, बेबीने बघितलीय. पण तुम्हांला विचारल्याशिवाय नाही. तुम्हांला जायचं नसेल तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन.”

शेवटचे शब्द सवयीने आले.

सासूबाईंनी चमचा मांडीवर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तो आपणहून खाली ठेवला होता. मग डावा हात खुर्चीच्या लोखंडी हातावर ठेवला. आणि डोळे मिटले.

सगळे थांबले. हात वर आला नाही.

दादाने श्वास सोडला. बेबीचे डोळे भरून आले. “बघ,” ती म्हणाली. “एक तर कळलं नाही, नाहीतर तिची ना नाही. चेहरा बघ किती शांत आहे.” आणि तिने पर्समधून फोन काढला.

चेहरा शांत होताच. सुनेने चेहऱ्याकडे बघितलं नाही. तिची नजर आपोआप खाली गेली, जिथे दिवसभर जाते तिथे. उजवं पाऊल ठेवल्या जागी निर्जीव पडलेलं. डाव्या पायाची बोटं आत वळली होती. पायाखालच्या चटईत ती अशी रुतली होती की नखं पांढरी पडली होती.

“थांबा,” ती म्हणाली.

बेबीचं बोट फोनवर थबकलं. “काय झालं?”

“दुखतंय त्यांना.”

“हात वर नाही केला तिने.”

“माझ्यासाठी नाही केला. मी थकलेय म्हणाले ना.” तिचा आवाज चढला नव्हता, दवाखान्यातलाच होता. “ठेव तो फोन.”

“मग तू काय करणार आहेस?” बेबी म्हणाली. रागाने नाही, खरोखरच काळजीने. “तूच म्हणालीस, जमत नाही.”

“नाहीच जमत. एकटीला नाही जमत. शनिवार-रविवार तू येशील. राहायला, फळं घेऊन नव्हे. आणि सकाळचं अंग पुसणं हे करतील. लिफ्टमधल्या लोकांना म्हणावं, जरा वेळ कळ काढा. तरीही नाही जमलं तर परत विचारू. पण यांच्या तोंडासमोर विचारू, पाठीमागे नाही.”

नवऱ्याने आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं.

बेबीने फोन पर्समध्ये टाकला. पर्सची चेन लागल्याचा आवाज झाला, आणि खोलीत आणखी कसलाच आवाज राहिला नाही.

मग कुठे सासूबाईंचा डावा हात वर आला. खांद्यापर्यंतसुद्धा नाही आला. डोळे अजून मिटलेलेच होते.

“बघितलं, आई. बघितलं मी,” सून म्हणाली आणि तिने तो हात खाली घेतला. तिला उठायचं होतं, पण उठवेना. ती तशीच उंबऱ्यावर पाठ टेकून बसली. दुसरा चहा बेबीने टाकला.